प्रेस खात्यातल्या फळ्याची जबानी

ज्याच्या अंगावर इतरांनी लिहायचे, त्याने स्वतः तोंड उघडू नये, असा शिरस्ता आहे. इतकी वर्षे मी तो पाळला. आज मात्र मोडतो आहे. कारण गप्प राहण्याची किंमत माझ्यासारख्या लाकडाला मोजावी लागत नाही, ती हाडामांसाच्या हाताला मोजावी लागते, हे मी एकदा पाहिले आहे.

मी पिंपरीच्या एका कारखान्यातील फळा. जन्म बासष्ट सालचा. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने तेव्हा ज्वारीची राने मोडून एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आमच्या कारखान्यात परदेशाहून एक प्रचंड लाकडी पेटी आली. तिच्यात पत्र्याला ठोकून आकार देणारे यंत्र होते. सारे जण त्याला ‘प्रेस’ म्हणत. यंत्र बाहेर निघाले आणि रिकाम्या पेटीच्या फळ्या सुताराने रंधल्या, सांधल्या, त्यांना काळा रंग चढवला. तोच माझा देह. सबंध समुद्रप्रवासात ज्या यंत्राला मी पोटाशी धरले होते, त्याच्याच समोरच्या भिंतीवर मला टांगण्यात आले.

प्रेसची रीत येथेच सांगून ठेवतो. वरच्या बाजूस एक जड लोखंडी ठोकळा असतो, त्याला रॅम म्हणतात. शेजारी एक मोठे चाक अखंड फिरत असते. कामगाराने पायाने पेडल दाबले म्हणजे त्या चाकाच्या बळाने रॅम खाली येतो, पत्रा ठोकतो, वर जातो आणि थांबतो. पत्रा ठेवण्यासाठी आणि तयार झाकण उचलण्यासाठी कामगाराचे हात सारखे त्या ठोकळ्याखाली जात-येत असतात. पेडल दाबल्यावाचून रॅम हलणार नाही, एवढ्या एका विश्वासावर ते जातात.

पाळी संपताना यंत्राची स्थिती माझ्यावर खडूने लिहावयाची, असा आमच्या खात्याचा नियम होता. पुढच्या पाळीचा माणूस आधी मला वाची आणि मगच हात घाली. फिटरदेखील मला वाचूनच हत्यारे उचली. एकाचे डोळे दुसऱ्याला उसने देणे, हे माझे काम. आणि त्याचा मला अभिमान होता. परंतु लिहिणाऱ्यांची भाषा मोठी गरीब होती. ‘प्रेस ठीक आहे.’ ‘प्रेस बरोबर नाही.’ ‘प्रेसला त्रास आहे.’ त्रास कसला, हे वाचणाऱ्याने देवाला विचारावे.

संध्याकाळी मला उतरवून कॅन्टीनमध्ये नेत. तेथे सातवीच्या परीक्षेस बसणाऱ्या कामगारांचा वर्ग भरे. चिंचवडच्या एका शाळेतील शिक्षिका कुसुमताई तो वर्ग घेत. बाई अंगाने किरकोळ, पण खडू असा दाबून चालवीत की माझ्या सांध्यांना जाणवे.

एके दिवशी त्यांनी ‘आमचा कारखाना’ हा निबंध लिहावयास सांगितला. मग एक वही उचलून मोठ्याने वाचली. “आमचा कारखाना मोठा आहे. तेथे यंत्रे आहेत. कामगार आहेत. भोंगा आहे.” बाईंनी वही मिटली. “हा निबंध आहे की कोठारातली मोजदाद? सगळे नुसते आहेत, आहेत! यांच्यापैकी कोणी काही करत नाही का?”

“करत्यात की बाई,” मागून दत्तोबा म्हणाला, “पन साहेब आल्यावर.”

वर्ग हसला. दत्तोबा हा प्रेसवरचा तरुण कामगार. तोंडाचा मोकळा, हाताचा चपळ. त्याचे लग्न ठरले होते, त्यामुळे त्या दिवसांत तो अधिकच खुलला होता.

बाईही हसल्या. मग त्यांनी माझ्यावर लिहिले, ‘भोंगा आहे’, आणि विचारले, “भोंगा काय करतो?”

“वाजतो.”

“घंटाही वाजते. भोंगा कसा वाजतो?”

पहिल्या बाकावर भीमराज बसला होता. तो दापोडीचा, दत्तोबाच्याच प्रेसवर दुसऱ्या पाळीला काम करी. वर्ग असे त्या आठवड्यात तो पाळी बदलून घेई, पण वर्ग चुकवीत नसे. तो म्हणाला, “हंबरतो, बाई. वासरू हरवलेल्या गाईसारखा.”

तो भोंगा रोज सर्वांच्या कानांवर आदळत होता. ऐकला मात्र सर्वांनी त्या क्षणी.

त्यानंतर वर्गाला छंदच जडला. पट्टा सळसळू लागला, लेथ लोखंड सोलू लागली, भट्टी धुमसू लागली. दत्तोबाने कपाकडे पाहत जाहीर केले, “कॅन्टीनचा चहा घसा खरवडतो.” कॅन्टीनवाला आतून ओरडला, “फुकटात पितोस तवा न्हाई खरवडत व्हय रं?”

तेव्हा कुसुमताईंनी बजावून सांगितलेले मला आजही आठवते. “क्रियापद वाचणाऱ्याच्या हाताला काम सांगते. ‘दार वाजते’ म्हटले की माणूस कडी काढतो. ‘दार कोसळते’ म्हटले की पळतो. म्हणून जे घडते तेच लिहा. नुसत्या सजावटीसाठी जोरकस शब्द उधळलेत, तर खऱ्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही.”

शेवटच्या बाकावर रंगराव मुकादम बसत. ते थेरगावचे, पिकल्या मिशांचे, दत्तोबाचे सख्खे मामा; त्यामुळे सारे खातेच त्यांना मामा म्हणे. बाईंनी त्यांना विचारले, “मामा, तुम्ही सांगा. प्रेस काय करते?”

“काम करते.”

“कसे करते?”

“मन लावून करते, बाई,” रंगराव गंभीरपणे म्हणाले. सारा वर्ग खो-खो हसला. ते मात्र हसले नाहीत.

त्यांच्या त्या गांभीर्याचे मूळ मला पुढे कळले. एकदा माझ्याखाली उभे राहून चहा घेताना त्यांनी भीमराजला सांगितले, “ल्हानपनी धाकट्या भावासंगं भांडान झालं. मी रागाच्या भरात बोललो, ‘जा, बुड जा.’ त्याच पावसाळ्यात पवनंच्या पुरानं त्याला न्हेला. तवापास्नं मी असला सबुद तोंडातनं काढत न्हाई. सबुद ऐकत असतोय, भीमराज. त्याला कान असत्यात.”

आपल्याकडे नारळ फोडीत नाहीत, वाढवितात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. या रीती सर्वांच्याच अंगवळणी पडलेल्या. रंगरावांनी मात्र त्यांचे चिलखत करून अंगात घातले होते. क्रियापदाचे बळ सबंध वर्गात त्यांच्याइतके कोणी ओळखले नव्हते. म्हणूनच ते त्याला भीत.

पुढे प्रेस बिघडू लागली. प्रथम मला जाणवले. ठोका संपवून रॅम वर जाई, थांबे, आणि थांबल्यावर किंचित थरथरे. दोरखंडाला बांधलेले जनावर थरथरावे तसा. कोणाचे लक्ष गेले नाही. काही दिवसांनी तो वरून बोटभर घसरू लागला. माणसे पत्रा ठेवीत होती, झाकणे उचलीत होती, लग्नाच्या बोलाचाली करीत होती. मी सारे पाहत होतो आणि माझ्यावर अक्षर येत होते, ‘प्रेस ठीक आहे.’

खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी दुपारनंतर यंत्रे थांबवून, पुसून त्यांची पूजा करतात. दसऱ्याला सुटी असते. सकाळच्या पाळीला प्रेसवर भीमराज होता. पाळी संपण्याच्या सुमारास त्याने झाकण उचलून हात बाहेर काढला, आणि पाय जमिनीवर असतानाच रॅम खाली आदळला. त्याचा हात वीतभर अंतराने वाचला होता. भीमराज पांढराफटक पडला. त्याने मेन स्विच पाडला, चाक थांबेपर्यंत तसाच उभा राहिला आणि मग खडू घेऊन माझ्यापाशी आला. अक्षर ठळक उमटले.

‘रॅम पेडलाविना झेपावतो. हात तोडील.’

सोळा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, ज्याने हे वाचले असते त्याने हात मागे घेतला असता. माझ्या आयुष्यात माझ्यावर लिहिले गेलेले ते सर्वांत सच्चे वाक्य होते.

इतक्यात झेंडूच्या माळांची टोपली घेऊन रंगराव आले. “भीमराज, पूजेला थांब की रं.”

“नाही मामा, आमचाही दसरा मोठाच. नागपूरला जायचंय, दापोडीत मंडळी खोळंबलीत. फळ्यावर लिहिलंय सगळं, फिटरला तेवढं दाखवा.”

“बरं, जा...” रंगरावांनी जीभ चावली. “जा न्हाई. ये. ये बाबा.”

भीमराज धावतच गेला. रंगरावांनी वळून मला वाचले. टोपली त्यांच्या हातून जवळजवळ निसटली. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा प्रेसकडे पाहू लागले.

“सनासुदीचं हे काय लिवलंय पोरानं!” ते पुटपुटले. “परवा हितं माझा दत्तू हुबा ऱ्हानार. आक्काचा एकुलता एक. हळद लागायची हाय त्याला. आन त्याच्या डोक्यावर हे असलं?”

त्यांनी टोपली खाली ठेवली. मग जणू माझीच समजूत काढीत म्हणाले, “बाईंच्या वर्गात पोरं भाषा करायला शिकली. चहा खरवडतो, भोंगा हंबरतो. आता रॅम झेपावतोय.”

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने ती दोन वाक्ये पुसली. पंचा माझ्या अंगावरून फिरला तेव्हा त्यांचा हात प्रेमाने भरलेला होता, हे मी शपथेवर सांगतो. द्वेषाने पुसले असते तर थोडे कोठे तरी राहून गेले असते. मग त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले, ‘प्रेस जरा कुरकुरते. सांभाळून घ्यावे.’ शेजारी कुंकवाने स्वस्तिक रेखले.

संध्याकाळी फिटर माझ्यासमोरून गेला. “कुरकुरते? मग तेल घाला की, मला कशाला सांगताय,” असे म्हणून तो प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दसऱ्याच्या सुटीत खाते ओस पडले. बंद खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात प्रेस समोर बसली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात माळ, आणि वर ओढून धरलेला तो ठोकळा. आम्ही दोघे एकमेकांना न्याहाळीत होतो. माझ्या अंगावर खोटे लिहिलेले होते आणि ते पुसण्यास मला हात नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला दत्तोबा आला. नवा सदरा, कानाला अत्तराचा फाया. रंगराव आपट्याचे पान घेऊन वाट पाहत उभेच होते.

“सोनं घे रं दत्तू.”

“सोन्यासारखं ऱ्हावा, मामा.” दत्तोबा पाया पडला.

रंगरावांचे ओठ हलले. सांगावयाचेच म्हणून ते आले होते. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. पण भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तो शब्द बदलला. “दत्तू... जरा जपून हां. जरा कुरकुरतीया ती.”

“कुरकुरंना. घरी आता दुसरी येनारच हाय कुरकुरायला, सवय पडंल.”

मामाही हसले. हसून पुढच्या यंत्राकडे गेले.

दत्तोबाने मला वाचले, स्वस्तिकाला नमस्कार केला आणि चाक चालू केले. पाय त्याने पेडलापासून चांगला दूर ठेवला; निष्काळजी तो नव्हता. कुरकुरणाऱ्या यंत्राला जे हवे असते तेच त्याने केले. तेलाची कुप्पी उचलली, वाकला, आणि आतल्या सरकत्या भागाला तेल पोचावे म्हणून उजवा हात रॅमखालून आत घातला.

रॅम झेपावला.

जे झाले ते मी सविस्तर सांगणार नाही. झेंडूची माळ तुटून फुले तेलात विखुरली, इतकेच सांगतो. रंगराव धावत आले आणि भाच्याला मिठीत घेऊन खाली बसले. त्यांच्या तोंडून एकच आवाज निघत होता, आणि त्याला क्रियापद नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून माझ्यावर लिहिण्यात आले, ‘काल दुर्दैवाने अपघात झाला. कामगारांनी काळजी घ्यावी.’ झाला! जसा पाऊस होतो, जशी संध्याकाळ होते. कोणी काही केलेच नव्हते. त्या संध्याकाळी कुसुमताईंनी त्या ओळी दोनदा वाचल्या. त्यांनी खडू उचलला, परत ठेवला आणि त्या दिवशीचा वर्ग सोडून दिला.

नागपूरहून परतलेल्या भीमराजने मुकादमांना एवढेच विचारले, “मामा, माझं वाक्य कुठं गेलं?” रंगरावांनी मान खाली घातली. भीमराजला उत्तर मिळाले होते.

हिवाळा सरता सरता दत्तोबा आला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली होती. जेवणाच्या सुटीत खाते रिकामे असताना तो माझ्यासमोर उभा राहिला. मागे रंगराव येऊन थांबले.

“मामा, भीमराजनं काय लिवलं हुतं?”

“दत्तू, जाऊ दे रं.”

“तुमीच सांगा. तुमच्या तोंडनं ऐकायचंय.”

रंगरावांनी प्रेसकडे पाहिले, वर पाहिले, मग डोळे मिटून म्हणाले, “रॅम पेडलाविना झेपावतो. हात... हात तोडील.”

दत्तोबाने ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले. “झेपावतो म्हनला असता तर मी स्विच पाडला असता, मामा. कुरकुरते म्हनलात. म्हनून मी तेल घातलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रंगरावांना तो पेलला असता. ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. दत्तोबाने डावा हात पुढे करून त्यांना उठवले. “चला. आईनं भाकरी दिलीया तुमच्यासाठी.”

या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. गावांची नगरपालिका झाली, आता महापालिका होणार असे म्हणतात. कारखाना चौपट वाढला. जुनी प्रेस मोडीत गेली, नव्या आल्या. भीमराज सातवी होऊन दुसऱ्या कारखान्यात गेला. रंगराव निवृत्त झाले आणि थेरगावच्या पारावर मुके होऊन बसले, असे कानावर आहे. दत्तोबाला फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. मलाही फाटकावरच आणले. माझ्या अंगावर पांढऱ्या तैलरंगात कायमचे लिहून टाकले आहे, ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ ते पुसता येत नाही आणि कोणी वाचतही नाही. माझ्यापुढे बाराही महिने सायकली उभ्या असतात. ऊन-पावसाने सांधे सुटले आहेत. माझे फार दिवस राहिलेले नाहीत, आणि त्याचे मला दुःखही नाही.

मला बोलते केले ते आजच्या दुपारने.

तीनच्या पाळीची दोन पोरे फाटकातून आत येत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, “तीन नंबरची प्रेस जरा नाटक करतीय म्हणे, राव.”

दत्तोबा स्टुलावरून ताडकन उठला. “नाटक करतीया म्हंजी काय करतीया?”

“काय माहीत काका. आधीच्या पाळीवाला म्हणाला.”

“आरं पन ती करतीया काय? थरथरतीया? घसरतीया? का आपनहून खाली येतीया?”

“काका, तुम्ही गेट सांभाळा. प्रेस आम्ही बघतो.” पोरे हसली.

“त्या सकाळच्याला बलवा.”

“तो कधीच सायकल मारत गेला. फळ्यावरही तेवढंच लिहिलंय, नाटक करते.”

भोंगा हंबरला आणि पोरे पळत आत गेली. पाळी चालू असता फाटक सोडणारा पहारेकरी दुसऱ्या दिवशी कामावर नसतो, हे दत्तोबाला पक्के ठाऊक आहे. त्याने टोपी स्टुलावर ठेवली आणि तो पोरांच्या मागे धावत सुटला. दोन बोटे उरलेला तो उजवा हात छातीशी धरून.

वाचकहो, तुम्ही कोठेही लिहीत असा, फळ्यावर, कागदावर किंवा भिंतीवर. जे घसरते त्याला घसरते म्हणा. जे झेपावते त्याला झेपावते म्हणा. वाचणाऱ्यावर तुमची माया असेल तर अधिकच म्हणा. माझे मागणे एवढेच आहे.

फाटक सताड उघडे आहे. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवीत उभा आहे. आत चाके फिरू लागली आहेत, आणि दत्तोबा अजून परतलेला नाही.